लष्करी विमानांतली जुनी घड्याळं जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकचा. ओझरच्या धावपट्टीवरून उठणाऱ्या मिग या लढाऊ विमानांचा आवाज ऐकत लहानाचा मोठा झालो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तसल्या विमानातलं एक घड्याळ हातात आलं आणि तेव्हापासून हा नाद लागला. या काळात लोकांनी तेच ते प्रश्न विचारले, फोनवर, प्रदर्शनात, लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्यासुद्धा. त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढतो आहे. घाईत असाल तर निदान रेडियमबद्दलचं उत्तर वाचा. बाकी ठिकाणी चुकलात तर पैसे जातील, तिथे चुकलात तर तब्येत.

विमानात घड्याळ कशाला लागतं? पायलटच्या मनगटावर असतंच की.

ढगात शिरलेल्या पायलटला खाली काही दिसत नाही. आपण कुठे आहोत हे त्याला तीन गोष्टींवरून काढावं लागतं: दिशा, वेग आणि वेळ. दिशा होकायंत्र सांगतं, वेग दुसरी तबकडी सांगते, वेळ घड्याळाने सांगायची. १८० नॉट, म्हणजे तासाला १८० सागरी मैल, वेगाने जाणारं विमान दर मिनिटाला ३ सागरी मैल कापतं. म्हणजे वेळ एका मिनिटाने चुकली की जागा तेवढीच चुकली. वळणाचंही तसंच. सेकंदाला ३ अंश या ठरलेल्या गतीने वळलं तर पूर्ण फेरी बरोबर २ मिनिटांत होते, आणि ती सेकंदकाट्यावर मोजता येते. इंधनाची एक टाकी बंद करून दुसरी कधी सुरू करायची, हेही घड्याळ बघूनच ठरायचं.

म्हणून हे घड्याळ उंचीमापक आणि होकायंत्राच्या पंगतीला बसतं. जाड हातमोजे आणि जॅकेटची लांब बाही असताना मनगट वर करून बघायला सवड नसते. रेडिओ बंद पडला, वीज गेली, तरी चावीचं घड्याळ चालूच राहतं. माझ्या मते या छंदाचं मूळ इथेच आहे. ही घड्याळं दागिना म्हणून घडवलेली नाहीत, कुणाचा तरी जीव त्यांच्यावर अवलंबून होता.

यात नेमकी कोणकोणती घड्याळं येतात?

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांत खिशातल्या घड्याळासारखीच घड्याळं पॅनेलवर बसवायचे. काळ्या तबकडीवर 'मार्क व्ही' आणि '३० अवर' अशी अक्षरं असतात. ३० अवर म्हणजे एकदा चावी दिली की तीस तास चालणार. डोक्सासारख्या स्विस कंपन्यांनी ती पुरवली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये स्मिथ्सची आठ दिवसांची घड्याळं आली. स्वित्झर्लंडमध्ये ब्राइटलिंगने या कामासाठी ह्युइत एव्हिएशन हा वेगळा विभागच काढला होता. 'ह्युइत' म्हणजे आठ, आठ दिवसांच्या चावीवरून ते नाव.

जर्मन विमानांत युंगहान्स आणि किएंझले यांची घड्याळं होती. युंगहान्सचं जे३०बीझेड हे त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं. त्याशिवाय नेव्हिगेटरसाठी, म्हणजे विमानाचा मार्ग ठरवणाऱ्यासाठी, ५५ मिलिमीटरची अवाढव्य मनगटी घड्याळं होती, ती पाचच कंपन्यांनी केली: लांगं, वेम्पे, लाको, स्टोवा आणि आयडब्ल्यूसी. अमेरिकेत वॉल्थम, एल्गिन, हॅमिल्टन. युद्धानंतर तिथे ए-१३ए हा नमुना आला. त्यात चालू वेळ आणि मोजलेली वेळ, दोन्हींचे काटे एकाच मध्यातून निघतात. नवख्या माणसाची पहिल्यांदा फसगत होते, दोन दिवसांत डोळा बसतो.

आणि मग सोव्हिएत घड्याळं. आपल्याकडे हातात येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त यांची.

आपल्याकडे सोव्हिएतच का?

भारताने १९६३ मध्ये मिग-२१ घेतलं आणि १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. तिथे परवान्याखाली मिग-२१ची शेकडो विमानं तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ने वायुदलाचा निरोप घेतला. बासष्ट वर्षांची सेवा. या विमानाच्या पुढच्या आवृत्त्यांत, तसंच मी-८ हेलिकॉप्टरांत जे घड्याळ बसायचं ते आचेएस-१. विक्रीच्या याद्यांत ते 'एसीएचएस-१' म्हणून दिसेल. ते रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या घड्याळ कारखान्यात बनतं. तो कारखाना १९४७ साली सुरू झाला आणि मोल्निया या नावाची त्याची खिशातली घड्याळंही प्रसिद्ध आहेत.

आचेएस-१ वापरायचं कसं? माझं बंद आहे की मला चालवता येत नाही, तेच कळत नाही.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो. हे एका तबकडीत तीन घड्याळं बसवलेलं यंत्र आहे. मोठे काटे रोजची वेळ दाखवतात. वरच्या छोट्या तबकडीवर रशियनमध्ये 'व्रेम्या पल्योता' लिहिलेलं असतं, म्हणजे उड्डाणाची वेळ. खालची छोटी तबकडी स्टॉपवॉचची.

खाली डावीकडे आणि उजवीकडे एकेक नॉब आहे. डावा नॉब घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की चावी बसते. आपला हात सवयीने सुलट फिरवतो, काही होत नाही, आणि माणूस घड्याळ बिघडलंय म्हणून बाजूला ठेवतो. हाच नॉब बाहेर ओढून फिरवला की काटे लावता येतात. उजवा नॉब काट्यांच्या दिशेने वळवला तर अख्खं घड्याळ थांबतं. रेडिओवरच्या वेळेशी सेकंदासकट मिळवण्यासाठी ती सोय आहे. 'चालत नाही' म्हणून स्वस्तात मिळालेल्या माझ्या एका घड्याळाला एवढाच आजार होता: उजवा नॉब वळलेला राहिला होता.

आता डावा नॉब दाबा. वरच्या तबकडीतल्या चिमुकल्या खिडकीत पांढऱ्याच्या जागी लाल रंग येतो. उड्डाण सुरू झालं. पुन्हा दाबा, खिडकी अर्धी लाल अर्धी पांढरी होते. विमान उतरलं, वेळ थांबली. तिसऱ्यांदा दाबलं की काटे शून्यावर आणि खिडकी पांढरी. मी हे हजार वेळा केलं असेल, तरी तो लाल रंग सरकताना बघून अजूनही मन भरत नाही. पायलटला आकडा वाचायची गरज नाही, नुसत्या नजरेने कळतं.

विकत घेताना हे तिन्ही टप्पे चार-पाच वेळा करून बघा. काटा शून्यावर न येता अलीकडे-पलीकडे थांबत असेल, किंवा खिडकीचा रंग अडकत असेल, तर आतलं काम मोठं आहे असं समजा.

म्हणजे आचेएस-१ दुर्मीळ आहे?

नाही. ती भरपूर बनली आणि भरपूर उपलब्ध आहेत. 'अतिदुर्मीळ' म्हणून कुणी चढा भाव सांगत असेल तर नमस्कार करून निघा. पण दुर्मीळ नाही म्हणून कमी मोलाचं, असंही नाही. शिकण्यासाठी याच्यासारखं दुसरं घड्याळ नाही.

मग दुर्मीळ कशाला म्हणायचं?

युद्ध संपल्यावर विमानं हजारोंनी वितळवली गेली. घड्याळ ही त्यातली सगळ्यांत सहज निघणारी आणि खिशात मावणारी वस्तू, त्यामुळे घड्याळं वाचली बऱ्यापैकी, पण अखंड अवस्थेत फार थोडी. कुणाचे काटे बदलले, कुणाचं मशीन दुसऱ्याचं, कुणाची तबकडी नव्याने रंगवली. तेव्हा नुसतं मॉडेलचं नाव बघून दुर्मीळ ठरवू नका. ज्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, जे मशीन, जी तबकडी आणि जे काटे बसले होते ते सगळे आजही एकत्र आहेत, सोबत कागद आहे, आणि कुणी हौसेने 'सुधारलेलं' नाही, असं घड्याळ मिळणं दुर्मीळ.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वायुदलानेच बदललेली तबकडी हा दोष नाही. ब्रिटिश वायुदलाच्या मार्क ११ या मनगटी घड्याळांच्या तबकड्यांवरचं रेडियम काढून तिथे ट्रिटियम हा त्याहून सौम्य चमकवणारा पदार्थ लावला गेला आणि वर्तुळातला 'टी' छापला गेला. तो बदल त्या घड्याळाच्या नोकरीचा भाग आहे, आणि संग्राहक त्याला मान देतात. गिऱ्हाईक गाठण्यासाठी बाजारात बदललेली तबकडी ही वेगळी गोष्ट, ती फसवणूक.

रंगवलेली तबकडी ओळखायची कशी?

माझं दुसरं घड्याळ असंच निघालं. फोटोत तबकडी नव्यासारखी काळीभोर होती आणि मी त्यावरच भाळलो. घरी आणून दहापट भिंगाखाली धरलं तर आकड्यांच्या कडा फुटलेल्या, दोन रेघांची जाडी वेगळी, आणि छोट्या तबकडीचं वर्तुळ काट्याच्या मध्यापासून जरासं सरकलेलं. कारखान्यातली छपाई अशी होत नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, जुनं आहे, असंच असायचं.

त्या दिवसापासून मी आधी भिंग काढतो, मग पाकीट. काट्यांवरचा चमकणारा रंग आणि आकड्यांवरचा रंग एकाच वयाचा दिसला पाहिजे. काटे तपकिरी आणि आकडे हिरवेगार असतील तर काहीतरी बदललंय. स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या झाल्या असतील तर आत बरेच हात फिरलेत. आपल्याकडे तबकड्या रंगवून देण्याचा धंदा एवढा वाढला की जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे ऐकताना वाईट वाटतं, कारण त्याच शहरात उत्तम हाताचे घड्याळजी आहेत.

मोटारीच्या डॅशबोर्डवरची आणि रणगाड्यातली घड्याळंही विमानातली म्हणून खपवली जातात. तबकडीवर स्मिथ्स किंवा येगर हे नाव दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, या कंपन्या गाड्यांसाठीही घड्याळं करत.

मागच्या आकड्यांवरून काय कळतं?

बरंच. अमेरिकन घड्याळाच्या मागे लावलेल्या माहितीच्या पट्टीवर ६६४५ने सुरू होणारा आकडा शोधा. काळ मोजणाऱ्या उपकरणांचा त्यांच्या भांडारातला वर्ग तो. संपूर्ण आकडा ११ अंकी असेल तर पट्टी साधारण १९७४च्या आधीची, १३ अंकी असेल तर नंतरची, कारण त्या सुमारास मध्ये दोन अंक वाढवले गेले. एकदा '१९६०च्या दशकातलं' म्हणून दाखवलेल्या घड्याळावर १३ अंक बघून मी ते खाली ठेवलं. ब्रिटिश घड्याळावर मुकुट, 'एएम' ही एअर मिनिस्ट्रीची अक्षरं आणि ६एने सुरू होणारा क्रमांक असतो. जर्मन नेव्हिगेटरच्या मनगटी घड्याळाच्या केसवर डाव्या बाजूला एफएल २३८८३ कोरलेलं असतं. बनावट करणाऱ्यालाही हा आकडा माहीत आहे, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

'हे अमुक विमानातून काढलंय' असं विक्रेता सांगतो. खरं मानायचं का?

कागद असेल तर. सोव्हिएत घड्याळासोबत 'पासपोर्ट' म्हणून एक छोटी पुस्तिका यायची, तिच्यात त्या घड्याळाचा क्रमांक आणि तारखा लिहिलेल्या असतात. पुस्तिकेतला आणि घड्याळावरचा क्रमांक जुळला तर घड्याळ कुठलं ते कळलं. पण ते कोणत्या विमानात होतं, हे बहुतेक वेळा त्यातूनही कळत नाही. दुरुस्तीला गेलेलं घड्याळ परत त्याच विमानात बसेल असं नव्हतं. स्पिटफायर या प्रसिद्ध ब्रिटिश लढाऊ विमानाचं म्हणून सांगितलेलं घड्याळ त्याच काळातल्या एखाद्या प्रशिक्षण विमानातलंही असू शकतं. तेव्हा किंमत घड्याळाची द्या, गोष्टीची देऊ नका.

रेडियमची खरंच एवढी भीती आहे?

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपण मराठीत चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतो. गाडीची नंबरप्लेट रेडियमची, सायकलच्या मडगार्डवरची पट्टी रेडियमची. त्यात रेडियमचा कणही नसतो. या घड्याळांच्या तबकडीवर मात्र खरंखुरं, किरणोत्सारी रेडियम-२२६ असतं, १९६०च्या आसपासपर्यंतच्या बहुतेक लष्करी तबकड्यांवर. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, १,६०० वर्षांचं आहे. म्हणजे युद्धकाळातल्या घड्याळातलं जेमतेम साडेतीन टक्के आजवर संपलं असेल.

'आता चमकत नाही, म्हणजे गेलं' हा सगळ्यांत घातक गैरसमज. चमकायचं ते रेडियमसोबत मिसळलेलं झिंक सल्फाइड, आणि किरणांच्या माऱ्याने थकलंय तेच. रेडियम जागच्या जागी आहे. वर तो रंग आता वाळून ठिसूळ झालाय आणि त्याची पूड पडते.

काच बंद असेल तर अल्फा किरण काचेतच अडतात. गॅमा किरण बाहेर येतात, पण दोन हात लांब ठेवलेल्या एका घड्याळाचा त्रास नगण्य. खरा धोका पूड नाकातोंडात जाण्याचा. शरीर रेडियमला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. १९२०च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना ब्रशचं टोक ओठांनी अणकुचीदार करायला शिकवलं होतं. त्यांचे जबडे झिजले, अनेक जणी गेल्या. मी प्रत्येक नवख्याला ही हकीकत सांगतो, कारण आपल्या हातात येणारी तबकडी अशाच कुणाच्या तरी हाताखालून गेलेली असते.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट. एका घड्याळजीकडे युद्धकाळातलं घड्याळ नेलं. मी तोंड उघडायच्या आत त्याने काच काढली, आणि तबकडीवर धूळ दिसली म्हणून सवयीने फुंकर मारली. उन्हाच्या तिरिपेत ती बारीक पिवळसर पूड टेबलावर, त्याच्या डब्यावर, चहाच्या कपावर बसताना मला दिसली. चूक माझी होती, दुकानात पाऊल टाकताच सांगायला हवं होतं. आता मी घड्याळावर चिठ्ठी चिकटवूनच देतो.

तेव्हा: काच स्वतः उघडू नका. तडा गेलेली काच असेल तर घड्याळ बंद पिशवीत ठेवा. झोपायच्या खोलीत, मुलांच्या हाताशी, किंवा दहा-बारा घड्याळं एकाच बंद कपाटात ठेवू नका. रेडियमपासून रेडॉन वायू निघतो, त्याला मोकळी हवा हवी. हाताळून झालं की हात धुवा. फुटकं निघालं तर कचऱ्यात टाकू नका. आपल्याकडे हा विषय अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत येतो, त्यांचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. त्यांचा सल्ला घ्या.

ट्रिटियम असेल तर?

फार कमी काळजी. अर्धायुष्य १२.३ वर्षांचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या तबकडीत सहा टक्क्यांच्या आसपास उरलेलं असतं. तरी कुरतडू नका. तबकडीवर किंवा पट्टीवर 'टी' अथवा 'एच३' लिहिलेलं सापडतं. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही तिथे गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, हाच खरा निवाडा. काही उशिराच्या सोव्हिएत तबकड्यांवर नुसता पांढरा रंग आहे, त्या पॅनेलच्या दिव्याच्या उजेडात वाचायच्या असत.

दुरुस्ती कुणाकडून करावी?

क्रोनोग्राफचं, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचं, काम जाणणाऱ्याकडून, आणि किरणांबद्दल आधी सांगून. 'पॉलिश करून देतो' म्हणाला तर घड्याळ परत घ्या. काळ्या रंगाखालून डोकावणारं पितळ, झिजलेली कड, स्क्रूपाशी पडलेला ओरखडा, हे सगळं त्या घड्याळाने केलेल्या कामाचं आहे. मशीन स्वच्छ करून तेल घालणं एवढंच मागा. बदललेला भाग असेल तर जुना भाग मागून घ्या आणि डबीत जपून ठेवा.

चावी रोज द्यायची का? पावसाळ्यात काय?

आठ दिवसांच्या घड्याळाला आठवड्यातला एक वार ठरवून घ्या. माझा रविवार, सकाळच्या चहानंतर. ज्याचं सर्व्हिसिंग कधी झालं ठाऊक नाही ते सतत चालवू नका. सुकलेल्या तेलावर चाकं झिजतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर सिलिका जेल ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बदला. ही घड्याळं मनगटी घड्याळासारखी पाणबंद नसतात. स्पीकरजवळ ठेवू नका, चुंबकत्व चढलं की घड्याळ पळायला लागतं.

मागे विजेचा प्लग आहे, तो जोडायचा का?

नाही. अनेक सोव्हिएत घड्याळांत आत हीटर आहे, उंचावरच्या गारठ्यात तेल थिजू नये म्हणून. तो विमानातल्या २७ व्होल्टवर चालतो. घड्याळ चालायला त्याची गरज नाही, आणि आपल्या घरात तेवढी थंडी पडत नाही.

बाळगणं कायदेशीर आहे ना?

बिलावर घेतलेलं असेल तर सहसा अडचण नाही. लष्करातून निकाली काढलेला माल अधिकृत लिलावातून विकला जातो, त्या साखळीचा कागद मागा. 'आतल्या माणसाकडून आणलंय' असं कुणी कानात सांगितलं तर ते चोरीचं असू शकतं, हात लावू नका. परदेशातून मागवताना वर्णन खरं लिहायला सांगा. विमान-वाहनांच्या पॅनेलवरच्या घड्याळांना कस्टममध्ये ९१०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे. आणखी एक: १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. दुसऱ्या महायुद्धातली घड्याळं अजून त्या वयाची नाहीत, पहिल्या महायुद्धातली आहेत. ती देशाबाहेर पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

विकत घेण्याआधी बघायला कुठे मिळतील?

दिल्लीत पालमचं वायुदल संग्रहालय. आपल्याला जवळचं म्हणजे गोव्यात बोगमाळोजवळचं नौदल विमान संग्रहालय, १९९८ साली सुरू झालेलं. तिथे ब्रिटिश सी हॉक आणि फ्रेंच अलिझे ही नौदलाची जुनी विमानं उभी आहेत. कॉकपिटच्या काचेतून डोकावता आलं तर पॅनेलवरच्या गोल तबकड्या मोजा. काही भोकं रिकामी दिसतील.

पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात फिरा जरूर. मला तिथे विमानातलं अस्सल घड्याळ दोनदाच मिळालं, पण जुन्या तबकड्या बघून बघून नजर तिथेच तयार झाली.

आजोबा वायुदलात होते. त्यांच्या ट्रंकेत असं एक घड्याळ सापडलं. काय करू?

पुसू नका, उघडू नका, आणि आज तरी चावी देऊ नका. जसं आहे तसे चारी बाजूंनी फोटो काढा, मागचा प्रत्येक आकडा लिहून घ्या. ट्रंकेतले बाकीचे कागद, रजेचे अर्ज, फोटोच्या मागची अक्षरं, सगळं एकत्र ठेवा. मग आजीजवळ किंवा आजोबांच्या नोकरीतल्या सोबत्यांपैकी कुणी हयात असेल तर त्यांच्याजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा: कोणत्या तळावर होते, कोणत्या साली, हे घरी कधी आलं, कुणी दिलं. हे या आठवड्यातच करा. घड्याळ अजून शंभर वर्षं तसंच राहील.